झाकणं बदलणारा माणूस

ती केस आजही आठवली की सगळ्यात आधी आठवतो तो माझाच गोंधळ. इतक्या वर्षांच्या नोकरीत खून, दरोडे, फसवणुकी सगळं हाताळलं. बहुतेक वेळा गुन्हा काय झाला हे पहिल्या तासात कळतं आणि तो कोणी केला हे शोधण्यात महिने जातात. या प्रकरणात माणूस सापडला, त्याने काय केलं तेही कळलं, आणि तरीही त्यातल्या कशाला गुन्हा म्हणायचं हे मला ठरवता येईना. निवृत्तीला तेव्हा थोडीच वर्षं राहिली होती. नाव मी कोणाचंच लिहिणार नाही. त्यातली बरीच माणसं अजून ठाणे-डोंबिवलीतच राहतात.

माझं पोलीस स्टेशन घोडबंदर रोडच्या बाजूला होतं. हद्दीत एका अंगाला उंच टॉवर आणि त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकलेली जुनी गावठाणं. टॉवरमधली माणसं आठवडाभर ऑफिस आणि ट्रॅफिक यांतच अडकलेली, त्यामुळे त्यांच्या तक्रारी रविवारी यायच्या. पार्किंग, भटकी कुत्री, वरच्या मजल्यावरचा आवाज. गावठाणातले लोक पोलीस स्टेशनची पायरी क्वचित चढायचे, पण चढले की पंधरा-वीस जण मिळून.

अशाच एका रविवारी एका सोसायटीचे सेक्रेटरी वॉचमनला घेऊन आले. बँकेतून निवृत्त झालेले, इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ. ठाणे अंमलदारासमोर बसले आणि म्हणाले, "चोरी झाली आहे हो. पण गेलेलं काहीच नाही."

ठाणे अंमलदार म्हणजे आमचे एक जुने हवालदार. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्या केबिनकडे पाहिलं.

हकीकत अशी होती. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ड्रेनेजचे चेंबर होते आणि त्यांवर काळी प्लॅस्टिकची झाकणं. पूर्वी लोखंडी होती, ती गर्दुल्ले उचलून भंगारात विकायचे. प्लॅस्टिकच्या झाकणाला भंगारवाला हात लावत नाही, म्हणून हल्ली सगळीकडे तीच बसवतात. ही झाकणं साध्या प्लॅस्टिकची नव्हती. जुन्या टायरचा चुरा प्लॅस्टिकमध्ये मिसळून ती बनवलेली होती, म्हणजे वरून गाडी गेली तरी तडकू नयेत. तर भर दुपारी एक माणूस टेम्पो घेऊन आला, 'काम चालू आहे' अशी पाटी ठेवली, काही झाकणं काढून टेम्पोत टाकली, त्यांच्या जागी तशीच नवी बसवली आणि निघून गेला. वॉचमनला वाटलं सोसायटीनेच पाठवला आहे. त्याने एक झाकण उचलायला हातभार लावला होता, प्यायला पाणीही दिलं होतं. काम कोणी सांगितलं असं कमिटीत एकमेकांना विचारल्यावर कळलं की कोणीच सांगितलं नव्हतं.

हवालदारांनी मला बाजूला घेऊन विचारलं, कलम कुठलं लावू? प्रश्न बरोबर होता. चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. जुनं नेऊन नवं देणाऱ्याचा अप्रामाणिक हेतू कसा लिहायचा? शेवटी आम्ही तो अर्ज म्हणून घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि सेक्रेटरींना सीसीटीव्हीचं फुटेज मागितलं. त्यात टोपी घातलेला, जरा वाकून चालणारा एक माणूस दिसत होता. टेम्पोच्या नंबरप्लेटवर चिखल होता.

पुढच्या काही दिवसांत आणखी दोन सोसायट्यांमधून अशीच तक्रार आली. बीट मार्शल पोरं हसायची. कोणी म्हणायचं पुण्य कमावतोय, कोणी म्हणायचं बायकोशी पैज लावली असेल. मीही एकदा हसलो असेन.

मग गावठाणातला तो अपघात झाला.

एका जुन्या घरातली मोठी सून. या घराची पूर्वी मिठागरं होती, भातशेती होती. आता जमिनीवर चाळी आहेत आणि भाडं येतं. ही बाई चाळिशीतली, सगळा गाव तिला वहिनी म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणतो. वहिनी लग्नाचे धवले म्हणायच्या. त्यांच्या समाजात लग्नाच्या प्रत्येक विधीला बायका गाणी म्हणतात, त्यांना धवले म्हणतात, आणि ती म्हणणारी बाई मांडवात तासन् तास उभी असते. आसपासच्या गावांत त्यांच्याशिवाय हळद लागत नसे.

घरामागच्या अंगणात कपड्यांची दोरी होती आणि दोरीखाली चेंबर. त्या दिवशी सकाळी ओल्या कपड्यांची बादली घेऊन वहिनी झाकणावर उभ्या राहिल्या आणि झाकण फुटलं. एक पाय आत गेला, फुटलेल्या धारेत अडकला, आणि त्या आडव्या पडल्या. हाड मोडलं, जखमेत गटाराचं पाणी गेलं. डॉक्टरांनी आठवडाभर प्रयत्न केले आणि मग गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

झाकणवाल्या माणसाचा व्हिडिओ तोपर्यंत व्हॉट्सॲपवर सगळीकडे फिरला होता. वहिनींचे दीर गावातली माणसं घेऊन आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: हा माणूस चांगली झाकणं काढून नेतो आणि कुजकी बसवतो, त्यानेच आमच्या घराचा सत्यानाश केला. आम्ही निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा दाखल केला. घटनास्थळाचा पंचनामा झाला, फुटलेले तुकडे मुद्देमाल म्हणून जमा झाले. दीर जाताना म्हणाले की तुम्हाला नाही सापडला तर आम्ही शोधू. असं बोलणारे लोक बहुतेक वेळा काही करत नाहीत, पण वीस जणांसमोर बोलून झालं की माणूस शब्दाला बांधला जातो. मी गावात दोन माणसं नेमली.

त्या तुकड्यांवर आणि सोसायट्यांतल्या झाकणांवर एकाच कारखान्याचा छाप होता. तो डोंबिवली एमआयडीसीतला एक मध्यम कारखाना. मालक चाळिशीच्या आतला, शिकलेला, बोलायला नम्र. तो स्वतःच एक झाकण घेऊन पोलीस स्टेशनला आला आणि म्हणाला, यावरून तुमची गाडी न्या. आवारात विटांवर झाकण ठेवून आमच्या ड्रायव्हरने त्यावरून बोलेरो नेली, पुन्हा मागे घेतली. झाकण जरा दबलं आणि होतं तसं झालं. मालकाने सांगितलं की त्याचा एक भागीदार होता, वडिलांच्या वेळेपासूनचा केमिस्ट. झाकणाचा फॉर्म्युला त्याचाच. सहा-आठ महिन्यांपूर्वी भांडून निघून गेला. डोक्यावर परिणाम झालाय, असं तो हळू आवाजात म्हणाला. सीसीटीव्हीतला माणूस त्याने लगेच ओळखला. कारखान्याला बदनाम करण्यासाठी हा खोटा माल बसवत फिरतो, अशी लेखी तक्रारही त्याने दिली.

सगळं जुळत होतं. हेतू होता, माणूस होता, व्हिडिओ होता. केमिस्टच्या डोंबिवलीच्या फ्लॅटला कुलूप होतं. बायको नाशिकला मुलीकडे, तिलाही तो कुठे आहे ते माहीत नव्हतं. फोन बंद. काही आठवडे आम्ही नुसते फिरत राहिलो.

टीप आली ती कल्याणहून. मी पूर्वी तिथे नेमणुकीला असताना घाऊक बाजाराच्या मागे एक भंगारवाला ओळखीचा झाला होता. त्याचा फोन आला. "साहेब, तुमच्या त्या काळ्या झाकणांचं कायतरी चालू आहे ना? इकडे एक माणूस आलेला. बोलतो, जुनी झाकणं आली तर मला दे, फुटलेली पण चालतील. असला माल कोण घेतो, सांगा. मी त्याला विचारलं कुठे पोचवू, तर खडवली बोलला."

खडवली म्हणजे कल्याणच्या पुढे कसाऱ्याच्या लाइनवरचं गाव. स्थानिक पोलिसांना कळवून, दोन पंच घेऊन आम्ही साध्या कपड्यांत गेलो. स्टेशनपासून बऱ्याच आत, शेतांच्या कडेला एक बंद पडलेली पोल्ट्रीची शेड होती. आत मशीन चालू होतं. एका बाजूला जुन्या झाकणांची चळत, दुसऱ्या बाजूला नवी झाकणं, मधे काळ्या पावडरीची पोती. आमच्या एका शिपायाने पोत्यात हात घालून घाईघाईने मागे घेतला, त्याला बंदुकीच्या दारूचा संशय आला होता. वास घेतल्यावर कळलं, टायरचा चुरा.

केमिस्ट साठीच्या जवळचा, कोपरापर्यंत काळा झालेला. मी ओळख सांगितल्यावर त्याने मशीन बंद केलं, बाहेर जाऊन बराच वेळ हात धुतले आणि कपडे बरोबर घ्यावे लागतील का, एवढंच विचारलं. पळणारा माणूस मला समजतो, रडणाराही समजतो. हा सुटल्यासारखा दिसत होता, आणि ते मला समजलं नाही.

मुद्देमाल टेम्पोत भरून आणला. उतरवताना आमच्या शिपायांच्या हातून जुन्यांपैकी एक झाकण खाली पडलं आणि त्याचे चार तुकडे झाले. हवालदार घाबरून सांगायला आले, मुद्देमालाचं नुकसान झालं म्हणून. मी त्यांच्यावर ओरडलो, तशी नोंद घ्यायला सांगितली आणि विसरून गेलो.

चौकशीला मी स्वतः बसलो. झाकणं कोणाची? माझीच. चोरली का? उत्तर नाही. खोटा माल कोणाच्या सांगण्यावरून बसवलास? उत्तर नाही. गावातल्या बाईंचा पाय गेला हे माहीत आहे का, असं विचारल्यावर त्याने मान हलवली आणि पेपरमध्ये वाचलं म्हणाला. कोर्टाने पोलीस कोठडी दिली होती, वेळ होता, पण त्याच्याकडून काही निघेना. गुन्हेगार साधारणपणे स्वतःला वाचवायला बोलतात, खोटं का होईना बोलतात. जो अजिबात बोलत नाही तो बहुधा दुसऱ्या कोणाला तरी वाचवत असतो, असा माझा अनुभव. पण हा एकटा माणूस कोणाला वाचवतोय, ते दिसत नव्हतं.

वहिनी तोपर्यंत हॉस्पिटलमधून घरी आल्या होत्या. त्यांचा सविस्तर जबाब राहिला होता म्हणून मी गावठाणात गेलो. पडवीत पलंगावर बसून त्या वाल सोलत होत्या. दीर शेजारी उभे होते. मी विचारलं की तो माणूस झाकण बदलायला कधी आला होता.

"आमचेकरं कोन नाय आला," वहिनी म्हणाल्या. "झाकन तोच व्हता, पयल्यापासूनचा."

दीर मध्येच म्हणाले की घरी कोणी नसताना आला असेल, तुला काय कळणार. त्यावर वहिनींनी हातातलं सूप बाजूला ठेवलं आणि सांगितलं ते असं: अंगणात सिमेंट काँक्रीट केलं तेव्हा गवंड्याने रबडा झाकणाच्या कडेवर सांडला होता. तो वाळून बसला. काथ्याने घासघासून त्यांचे हात दुखले पण निघाला नाही. रोज झाडताना तो डोळ्यांसमोर असायचा. पडल्या त्या दिवशीही होता.

मी परत येऊन मुद्देमाल खोली उघडायला लावली. तुकड्यांच्या कडेला राखाडी सिमेंट अजून चिकटलेलं होतं. माझ्या हातात तो तुकडा होता आणि डोक्यात रचलेली सगळी केस कोसळली. बदललेलं झाकण फुटलं नव्हतं. न बदललेलं फुटलं होतं. मग मला उतरवताना पडलेलं ते झाकण आठवलं. हवालदारांना विचारलं, नव्यांपैकी एखादं पडलं होतं का? ते म्हणाले, "पडलं होतं ना साहेब. उडालं आणि गडगडत गेटपर्यंत गेलं. त्याला काही झालं नाही म्हणून लिहिलं नाही."

त्या दुपारी केमिस्टला पुन्हा समोर बसवलं. टेबलावर सिमेंट लागलेला तुकडा ठेवला. मी म्हणालो, तुम्ही नेलेलं झाकण फुटतंय आणि बसवलेलं फुटत नाही. मग तुम्ही नेमकं काय करत होता?

त्याने तुकडा उचलून कडेचं सिमेंट अंगठ्याने चाचपलं. मग म्हणाला, "साहेब, अजून बाकी आहेत."

एवढ्या वर्षांत आरोपीच्या तोंडून ऐकलेलं मला इतकं हादरवणारं दुसरं वाक्य आठवत नाही.

त्यानंतर तो न थांबता बोलला. त्याचं सांगणं मला समजायला वेळ लागला, तो समजावून द्यायला थकला नाही. भंगारातलं प्लॅस्टिक पुन्हा वितळवलं की कडक होतं पण ठिसूळ. त्यात रबराचे बारीक कण घातले की चिवट होतं, कारण तडा धावत येतो आणि रबराच्या कणापाशी अडतो. मात्र टायरचं रबर आधीच पक्कं भाजलेलं असतं, ते प्लॅस्टिकला धरत नाही. त्याला मशीनमध्ये ताप आणि रगड देऊन, जोडणारं औषध घालून आधी वळवून घ्यावं लागतं. "तिळाच्या वडीसारखं आहे," तो म्हणाला. "पाक नीट झाला तर तीळ धरतो. पाक चुकला तर वडी दिसते तशीच, पण हातात घेतली की तीळ वेगळे. न धरलेला रबराचा प्रत्येक कण म्हणजे झाकणातलं एक भोक."

एका मोठ्या ऑर्डरच्या वेळी रबर वळवणारं मशीन बंद पडलं. माल द्यायची तारीख गळ्याशी आली होती. त्याने त्या ऑर्डरचा सगळा घाणा न वळवलेल्या, कच्च्या चुऱ्यावरच काढला. हे त्याने स्वतः ठरवलं, मालकाने नव्हे. नेहमीसारखी चाचणी घेतली, वरून टेम्पो नेला, झाकण टिकलं. नवं असताना ते टिकतंच. एक उन्हाळा गेल्यावर कारखान्याच्या आवारातलं त्याच घाण्याचं झाकण एका कामगाराच्या पायाखाली तडकलं, तेव्हा याला कळलं की उन्हाने तो सगळा माल ठिसूळ होत चाललाय. त्याने मालकाला सांगितलं की सगळी परत बोलावू. मालक तयार झाला नाही. भांडण झालं आणि हा बाहेर पडला.

मी विचारलं, मग आमच्याकडे का नाही आलात? महापालिकेकडे? तो म्हणाला की कारखाना बंद झाला असता, आणि ज्यांना त्याने हाताने काम शिकवलं ती सगळी माणसं रस्त्यावर आली असती. मग म्हणाला की खरं सांगायचं तर भीतीही वाटली. गुपचूप बदलली तर कोणाला कळणार नाही आणि कोणाला लागणारही नाही, असा त्याचा हिशेब होता.

आणि हिशेब त्याने डोकं लावून केला होता. जिथे गाड्या जातात ती पार्किंगची झाकणं आधी. घरामागची अंगणं शेवटी, तिथे फक्त माणसं चालतात म्हणून. वहिनींच्या घराचा नंबर अजून लागायचा होता.

यापुढचे दिवस मी कधी विसरणार नाही, कारण इतका विचित्र तपास मी दुसरा केला नाही. त्या घाण्यातला माल कोणत्या भागात गेला ते केमिस्टला तोंडपाठ होतं, पण तिथे चांगली झाकणंही मिसळलेली होती आणि दिसायला सगळी सारखी. त्याने ओळखायची खूण शिकवली. झाकणाच्या कडेची पातळ साल चाकूने काढायची. साल वेटोळी होऊन आली तर झाकण चांगलं, भुगा पडला तर वाईट. झालं, माझे शिपाई खिशात चाकू घेऊन सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये उकिडवे बसू लागले. लोक खिडक्यांतून विचारायचे, काय चाललंय? काय सांगणार? महापालिकेच्या इंजिनिअरना पत्र दिलं, त्यांनी वाईट झाकणांभोवती बॅरिकेड लावले. आरोपी आमच्या गाडीत बसून रस्ता दाखवत होता. पहिल्या दिवशी आलेले ते बँकेतले सेक्रेटरी मला भेटले आणि म्हणाले की मी तक्रार मागे घेतो, उलट त्या माणसाचे आभार मानायचेत. अर्ध्या तासाने त्याच सोसायटीतले दुसरे एक गृहस्थ आले आणि या माणसाला माहीत असून त्याने आमच्या मुलांना त्या झाकणांवर खेळू दिलं, त्याच्यावर कडक कलमं लावा, म्हणाले. दोघांचंही मला पटलं.

मालकालाही अटक केली. तो ढासळला नाही. "साहेब, एक झाकण तडकलं म्हणून कोणी कारखाना बंद करतं का?" असं त्याने विचारलं. मला तो नीच माणूस वाटला नाही. त्याने फक्त एका झाकणापलीकडे पाहायचं नाकारलं होतं, आणि नंतर भागीदाराला वेडा ठरवून मोकळा झाला होता. चौकशीत तो शेवटपर्यंत म्हणत राहिला की चूक ज्याने केली तो तुमच्या समोर बसलाय. तेही खोटं नव्हतं.

बदलायला नवी झाकणं लगेच कुठून आणायची हा प्रश्न होता. खडवलीच्या शेडमध्ये होती, पण ती मुद्देमाल. सरकारी वकिलांशी बोलून कोर्टात अर्ज केला. काही नमुने ठेवून बाकीची महापालिकेच्या ताब्यात वापरण्यासाठी द्यायला कोर्टाने परवानगी दिली. अशा रीतीने आरोपीने गुपचूप बसवायला बनवलेली झाकणं पोलीस बंदोबस्तात उघडपणे बसली.

सगळ्यात शेवटी राहिलं वहिनींचं अंगण. तिथे चेंबरवर फळी टाकून ठेवलेली होती. महापालिकेचे कामगार झाकण घेऊन आले, आणि बसवायची रीत दाखवायला केमिस्टला आणलं होतं. त्याला गाडीतच बसवून ठेवावं असं मला वाटत होतं, पण तो उतरला. गाव जमलेलं होतं. दीर पुढे आले आणि म्हणाले की हा हात आमच्या अंगणाला लागणार नाही. मी मध्ये उभा राहिलो. आवाज वाढायला लागले.

पडवीतून वहिनी कुबड्या घेऊन आल्या. नव्या कुबड्या, अजून हाताला सवय नव्हती, दोनदा थांबल्या. माणसं आपोआप बाजूला झाली. त्यांनी केमिस्टकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं.

"बसवू दे तेला," त्या दिराला म्हणाल्या. "पन बसवून झाला का तेला वर उबा करा."

केमिस्टने गुडघे टेकून झाकण बसवलं, कडेने हात फिरवून पाहिला आणि त्यावर उभा राहिला. त्याच दोरीखाली. वहिनी समोर कुबड्यांवर भार देऊन उभ्या राहिल्या, आणि त्या बसत नाहीत तोवर कोणालाच बसता येईना. मी घड्याळ पाहिलं नाही. त्याचे पाय थरथरायला लागले, मग खांदे. तो रडत होता, पण खाली उतरत नव्हता.

मी पोलीस अधिकारी म्हणून तिथे होतो. आरोपीला असं उभं करणं कुठल्याच नियमात बसत नाही आणि मला ते थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही. बरोबर केलं की चूक, हे आजही सांगता येत नाही.

शेवटी वहिनी म्हणाल्या, "उतर आता. तुजी पन मानसं असतील घरान." आणि वळून आत गेल्या.

दोषारोपपत्रात मी दोघांनाही आरोपी केलं. केमिस्टवर माहीत असूनही धोका लपवल्याचा आरोप होता, आणि तो त्याने दंडाधिकाऱ्यांपुढे वकिलाचा सल्ला न जुमानता मान्य केला. चोरीचं कलम लावलं नाही. हवालदारांनी पहिल्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला तोवर मिळालं नव्हतं. कारखाना काही महिने बंद राहिला, मग दुसऱ्याने घेतला. माझी बदली झाली, मग निवृत्ती आली. खटल्याचा पुढचा भाग मी साक्षीदार म्हणून पाहिला, आणि साक्षीदाराला सगळं कळत नाही.

नव्या अधिकाऱ्यांना मी ही केस सांगतो तेव्हा ते हमखास विचारतात की यातून शिकायचं काय. मी सांगतो, वाईट काम लपवणारे पुष्कळ भेटतील, चांगलं काम लपवणारा भेटला तर जास्त घाईने चौकशी करा. त्याला कुठल्या तरी धोक्याची खबर असते आणि ती तो एकटाच उचलून फिरत असतो. तो एकटा पुरा पडत नाही. कोणाचं तरी अंगण शेवटी राहतं. एवढं मी खात्रीने सांगतो. त्या माणसाला काय म्हणावं, असं पुढे कोणी विचारलं तर मात्र मी वहिनींनी त्याला झाकणावर उभं केलं तेवढंच सांगतो.